फिलिप राजाची शेगडी

॥ श्री ॥
उरायासु, २४ एप्रिल २०११

चि. शेखर यास गीताताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

असलं काम मला पुन्हा सांगायचं नाही. सेंदाईची बस साडेचार तासांत पोचते म्हणून तू लिहिलं होतंस, साडेसहा लागले. रस्ता जिथं जिथं फाटलाय तिथं बस बैलगाडीसारखी चालते. जयेशला तोयोसुच्या ऑफिसातून रजा नाही, म्हणून सुनेला घेऊन गेले. यामिनीला जपानी येतं, पण बस लागते. सगळा रस्ता पिशवी धरून बसली होती पोरगी. आणि हे कशासाठी, तर चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या स्पेनच्या एका राजासाठी. पुण्यात सासऱ्यांच्या घरी पंख्याखाली बसून तू पत्र धाडतोस की ताई, घरातून फिलिपचं बाड तेवढं आण, प्रकाशक मागं लागलाय. सेंदाईला सहा वर्षं राहिलास, पण गल्लीत कोण जगलं कोण गेलं याची एक ओळ नाही पत्रात.

आमचंही इथं काही बरं नाही. उरायासुची जमीन म्हणजे भरावाची, रस्त्यातून चिखल वर आला, गटाराची झाकणं कमरेएवढी उंच उभी राहिली. पाच आठवडे संडासाचे हाल. तरी मी गेले, कारण तू मागितलंस. तुला नाही म्हणायची मला सवय नाही, हीच चूक.

घराचं सांगते. एजंटानं किल्ली दिली. पुस्तकांचं कपाट आडवं, तांदूळ सगळ्या स्वयंपाकघरात, सांडलेल्या लोणच्याला बुरशी. अपूर्वाला सांग, कुकर शाबूत आहे. राजा पलंगाखाली सापडला, अकरा प्रकरणं, दोरीनं बांधलेली. आणलाय. पोस्टानं पाठवीन, पण आधी वाचीन. सातवीपर्यंतच शिकले असले तरी वाचता येतं मला. एवढा जीव टाकतोस तो कोण आहे ते तरी बघू दे.

आणखी एक. चपलांच्या कपाटाजवळ तुमची ती पाटी लटकत होती, घरोघर फिरते ती. नोटीस वाचायची, शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला अडकवायची, असं तूच मला नाताळात दाखवलं होतंस. यामिनीनं वाचलं. मार्चअखेरपर्यंत दहा घरांची पाळी तुमच्याकडे होती म्हणे. म्हणजे भूकंपात दारोदार जाऊन माणसं मोजायचं काम तुझं. पाटीवर दहा नावं, दहा नावांपुढं पेन्सिलीनं गोल, तारीख बारा मार्च, खाली तुझा शिक्का. गोल म्हणजे सुखरूप, असं यामिनी म्हणाली.

खरं सांगते, ते बघून ऊर भरून आला. लहानपणी तू अंधारात परसात जायला भ्यायचास, मी कंदील घेऊन बाहेर उभी राहायचे. तोच तू त्या बर्फात दहा दारं फिरलास आणि एका शब्दानं बोलला नाहीस. पाटी तिथंच ठेवून कसा आलास ते मात्र कळव. ती माझ्याकडे आहे.

विभाचा खोकला कसा आहे? लोभ आहेच, मागितल्यानं काही वाढत नसतो.

तुझी,
गीताताई


पुणे, ५ मे २०११

ती. गीताताईस चंद्रशेखरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी तुझा रागाचा भाग वाचला, मग कुकरचा. अपूर्वाला दोन्ही वाचून दाखवले, ती कुकरवर खूश आहे. यामिनीला माझ्याकडून सॉरी सांग.

पाटीचं राहूनच गेलं. रविवारी पहाटे विद्यापीठातल्या उदयला गाडी मिळाली, यामागाताला जायला निघालो तेव्हा पेट्रोल पुरेल की नाही याचीच चिंता. विभाला ताप होता, अणुभट्टीची बातमी होती. पाटी कोणाच्या लक्षात राहते? तू पुन्हा तिकडे गेलीस तर समोरच्या एंदो-सानच्या दाराला अडकवून ये. बेल वाजवायची गरज नाही, बोलायचीही नाही, तिथं तशीच पद्धत आहे. सगळे ठीकच असणार. शेजारच्या कान्नो आजी तर शुक्रवारी मुलीकडे असतात, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता.

आणि गल्लीची चौकशी नाही म्हणून मला बोलतेस, तर आठव. शनिवारी संध्याकाळी आसरा घेतलेल्या शाळेतल्या फोनवरून मी तुला फोन केला तेव्हा तूच ओरडून सांगितलंस की पोरीला उचल आणि निघ, मागं वळून बघू नकोस, कोणाचं काही बघत बसू नकोस. मी तुझं ऐकलं.

राजा वाचतेस हे फार आवडलं. तुला एक किल्ली देतो. सेंदाईच्या किनाऱ्यावर १६११ सालीही असाच समुद्र आत आला होता. दोनच वर्षांनी तिथल्या सरदारानं एक जहाज बांधून आपला वकील पाठवला. तो माणूस मेक्सिकोवरून, दोन महासागर ओलांडून माद्रिदला पोचला आणि १६१५च्या जानेवारीत या तिसऱ्या फिलिपसमोर उभा राहिला. व्यापाराचा करार मागत होता. राजा प्रेमानं बोलला. वकिलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा राजा स्वतः हजर होता. करार मात्र केला नाही. नाहीही म्हणाला नाही, आज-उद्या करत राहिला. मी सेंदाईला आलो ते या वकिलासाठी, आणि रमलो राजात.

लोक त्याला आळशी म्हणतात. मला तो तसा वाटत नाही. बापच म्हणत असे म्हणे, की देवानं मला इतकी राज्यं दिली पण ती सांभाळणारा मुलगा दिला नाही. हे ऐकत वाढलेल्या मुलानं काय करावं? विसाव्या वर्षी गादीवर आला आणि सगळा कारभार लेर्मा नावाच्या सरदाराच्या हाती देऊन मोकळा झाला. स्वतः देवभोळा, बायकोवर प्रेम करणारा, शिकारीत रमणारा. त्याचं मन चांगलं होतं, ताई. शेवटचं प्रकरण नीट वाच, शेगडीचं. सगळं पुस्तक त्यासाठी लिहिलंय.

बाड जूनच्या आत मिळालं तर बरं. आशीर्वाद असू द्यावा, आणि राग जरा लवकर उतरू द्यावा.

तुझा,
शेखर


॥ श्री ॥
उरायासु, १७ मे २०११

चि. शेखर यास आशीर्वाद. वि. वि.

पाटी दाराला अडकवून ये म्हणालास. मी अडकवली नाही. नऊ घरांना दोन महिने जिची वाट बघायला लागली ती वस्तू चोरासारखी टांगून पळायचं, हे मला जमत नाही. आता आगगाडी सुरू झालीय. यामिनीला घेऊन गेले, एंदो-सानची बेल वाजवली, दोन्ही हातांनी पाटी पुढं केली आणि कमरेत वाकले. ते माझ्याहून जास्त वाकले. आत बसवलं, चहा दिला, आणि मग यामिनीच्या तोंडून मी ऐकलं ते तुला सांगते. तुला माहीत असेल तर परत ऐक.

कान्नो आजी त्या शुक्रवारी मुलीकडे गेल्याच नव्हत्या. मुलगी न्यायला येते ती तीन वाजता. भूकंप पावणेतीनला. कपाट अंगावर आलं, खुब्याचं हाड मोडलं. ब्याऐंशी वर्षांची बाई शुक्रवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंत घरातल्या बोळात पडून होती, न्हाणीघराचं पायपुसणं अंगावर ओढून. बाहेर बर्फ. ओरडून घसा गेला. मुलीला रस्ते बंद, पेट्रोल नाही. शाळेत शनिवारी गल्लीगल्लीचा हिशेब घेतला तेव्हा तुमच्या गल्लीचा कागद आला की दहाही घरं सुखरूप. म्हणून तिच्या दारावर कोणी गेलं नाही. एंदो-सान म्हणाले की त्यांनाही वाटलं होतं जाऊन बघावं, पण पाळी ज्याची त्यानं बघितलंय, परत आपण गेलो तर त्याचा अपमान होईल. रविवारी आठ वाजता दाराच्या फटीत दोन दिवसांचे पेपर दिसले तेव्हा त्यांनी दार फोडलं.

आजी वाचल्या. यामागाताला मुलीकडे आहेत. दोन काठ्या घेऊन चालतात.

ज्या गोलांवर मी ऊर भरून घेतला त्यांतला दहावा गोल तिचा. कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा हे तुम्हाला वाचता येईना तेव्हा जिनं माशाचं हाड, बाटली, वर्तमानपत्र अशी चित्रं काढून अपूर्वाच्या फ्रिजवर लावली, ती ही. ते कागद अजून फ्रिजवर आहेत. मी बघून आले.

आता माझं. एंदो-साननी काही दोष दिला नाही. फक्त विचारलं की तुमचे भाऊ त्या दिवशी बरे होते ना. यामिनीनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की नाही, फार आजारी होता, अंगात एकशे तीन ताप होता, उठवत नव्हतं. ताप पोरीला होता, मी तुला चढवला. यामिनीनं मान खाली घालून ते जपानीत सांगितलं. सुनेसमोर मी खोटं बोलले, आणि तिच्याच तोंडून. मला अजून तिच्याकडे सरळ बघवत नाही. आणि मागं वळून बघू नकोस हे मीच बोलले होते, ते तू बरोबर लक्षात ठेवलंस. ते शब्द माझेच. मला ते गिळता येत नाहीत आणि थुंकताही येत नाहीत.

तुझा राजा वाचला. जेवणं झाली की रोज दुपारी बसत होते. बाई, काय माणूस आहे. राजधानी माद्रिदहून उचलून वायादोलिदला नेली, पाच वर्षांनी परत आणली. आपण भाड्याचं घर बदलत नाही इतक्या सहज. का, तर लेर्माच्या मनात आलं. कोणी काही विचारायला आलं की लेर्माला विचारा. तीन लाख माणसं, ज्यांचे आजे-पणजे मुसलमान होते म्हणून, जन्मल्या गावातून हाकलून जहाजांत घातली. त्यावर तू अर्धं पान लिहिलंस, आणि त्या अर्ध्या पानात तीनदा म्हटलंस की कल्पना दुसऱ्याची, राजाची नुसती सही. सही म्हणजे काही नाही का रे? शिक्का म्हणजे काही नाही?

शेगडीला मात्र सहा पानं. राजा बसलाय, समोर निखाऱ्यांची शेगडी फार जवळ ठेवलेली, तोंडावरून घाम गळतोय. एक सरदार दुसऱ्याला म्हणतो शेगडी हलवा. दुसरा म्हणतो ते काम अमक्या ड्यूकचं आहे, मी हात लावणार नाही. तो ड्यूक वाड्यात नाही. त्याला शोधून आणेपर्यंत राजा भाजून निघाला, ताप भरला आणि गेला. वर तूच लिहिलंस की गोष्ट बहुतेक बनवलेली आहे, खरा तो आजारानंच गेला. बरं, खोटी असू दे. तू सहा पानं शोधत बसलास की दोष कोणाचा, सरदाराचा की ड्यूकचा की रीतीरिवाजाचा. मला इतकंच कळेना की राजाला पाय होते ना? उठून मागं सरकायला काय झालं होतं?

तो वाईट नव्हता हे मला पटलं. वाईट असता तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं. चांगल्या मनाचा माणूस नुसता बसून राहतो तेव्हा काय होतं ते त्या अकरा प्रकरणांत दिसलं.

दहा प्रकरणं आज पोस्टात टाकली. अकरावं माझ्याकडे ठेवलंय. खरं काय ते लिहून पाठव. मुलीकडे गेल्या असं तुला वाटलं होतं, का तू बघितलंच नाहीस?

लोभ कुठं जाणार, पण आज तो लिहवत नाही.

गीताताई


पुणे, २७ मे २०११

ती. गीताताईस शि. सा. न.

वि. वि. लिहायला हात उचलत नाही, कारण विनंती करण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

अपूर्वाला हे माहीत नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

शनिवारी शाळेत आम्ही दोनशे माणसं जिमच्या फरशीवर होतो. पाटीवरच्या नावांपुढं खुणा करून कागद द्या, असं सगळ्या पाळीवाल्यांना सांगण्यात आलं. माझं धरून गल्लीतली सात घरं तिथंच समोर होती. दोन घरं परगावी गेल्याचं ठाऊक होतं. राहिल्या कान्नो आजी. शुक्रवार म्हणजे मुलगी, असं मनात आलं आणि मी गोल काढला. घरापर्यंत चढ चढून जायला वीस मिनिटं लागतात. बर्फ पडत होता, विभा मांडीवर झोपली होती. मी स्वतःला सांगितलं की उद्या जाईन. तेवढ्यात शिक्का मागितला, मी दिला. इथपर्यंत ती चूक होती, ताई. इथपर्यंत मी तुला कधी ना कधी सांगितलं असतं.

रविवारी पहाटे पासपोर्ट घ्यायला मी एकटा घरी गेलो, पाटीही तिथंच टांगली. उदय खाली गाडी सुरू ठेवून होता. परत उतरताना त्यांच्या दारावरून आलो. पेपरच्या फटीत शनिवारचा पेपर होता, त्यावर रविवारचा. मी थांबलो. मुलीकडे जाताना त्या पेपर एंदो-सानना घ्यायला सांगतात, हे मला माहीत होतं. मी बेलवर बोट ठेवलं आणि दाबलं. वीज शुक्रवारपासून नव्हती. बेल वाजणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बेल दाबली. दार ठोठावलं असतं तर आतून आवाज आला असता, आणि मग मला थांबावं लागलं असतं. मी बेल दाबली, मनात पाच अंक मोजले, आणि खाली गेलो.

एंदो-साननी आठ वाजता दार फोडलं म्हणालीस. मी तिथं साडेपाचला होतो.

राजाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. ते पुस्तक मी भूकंपाच्या आधी लिहिलंय, तरीही त्यात मीच आहे असं आता दिसतं. मरताना तो फार रडला म्हणतात, देवानं आणखी आयुष्य दिलं तर मी वेगळं राज्य करीन, असं म्हणत होता. त्या ओळीवर मी खूश होतो. वाटायचं, बघा किती मनाचा मोठा. आता वाटतं की तेव्हा म्हणायला काय जातं.

विद्यापीठाची नोकरी जूनअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. अपूर्वाचे आईवडील आम्हाला सोडायला तयार नाहीत. मी त्यांच्या आड लपलोय हे त्यांना कळत नाही. विभा रोज विचारते की कान्नो-बाच्चान कधी भेटणार, तेही जपानीत, म्हणजे सासू-सासऱ्यांना कळत नाही, मला कळतं.

एंदो-सानना तू जे तापाचं सांगितलंस ते तसंच राहू दे, एवढं माझ्यासाठी कर. लोभ असावा असं लिहितोय ते सवयीनं. नसला तरी मी समजून घेईन.

शेखर


॥ श्री ॥
उरायासु, ६ जून २०११

चि. शेखर यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही, ट्रंकेत घडीच्या लुगड्याखाली ठेवलंय. मी आईच्या आजारपणात शाळा सोडून तुला वाढवलं, ते काय शिकवलं मी तुला, असं म्हणून मी भांडी घासता घासता रडले. मग वाटलं की हे बरं आहे माझं, रडायलाही स्वतःलाच मध्ये घेतलं. बास केलं.

तापाचं तसंच राहणार नाही. काल यामिनीला समोर बसवून मी तिची माफी मागितली. तिला अवघडल्यासारखं झालं, म्हणाली की आई, असं नका करू. मी म्हटलं, केलंय तर मागू दे. मग तिलाच मध्ये घेऊन एंदो-सानना फोन केला आणि सांगितलं की माझ्या भावाला ताप नव्हता, मी खोटं बोलले. बेलचं सांगितलं नाही. ते माझं नाही, तुझं आहे. ते म्हणाले की रविवारी सकाळी आठ वाजता दार फोडलं ते खरं, पण पहिला पेपर त्यांनीही शनिवारीच बघितला होता. तेही असंच गिळून बसले होते.

आता नीट वाच. पाळी बदलायची राहिलीय. एप्रिलची बैठक भूकंपानं झाली नाही, ती आता २६ जूनला, रविवारी दहा वाजता एंदो-सानच्या घरी आहे. जुन्या पाळीवाल्यानं पाटी नव्याच्या हातात द्यायची, दोघांनी शिक्के मारायचे, अशी त्यांची रीत आहे. तुमच्या पुढचं घर कोणाचं ते तुला माहीत आहे. कान्नो आजींचं. सगळ्यांनी म्हटलं की यंदा त्यांना सोडा, वय आहे, काठ्या आहेत. त्यांनी ऐकलं नाही. माझी पाळी आहे, मी घेणार, एवढंच म्हणाल्या. त्या याच महिन्याच्या वीस तारखेला घरी परततायत.

तुझ्या जागी मी देते असं मी विचारून बघितलं. एंदो-साननी आजींना फोन केला. आजी नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं की चंद्रा-सान येणार नाहीत का, आणि मग म्हणाल्या की मुलगी लहान आहे, त्यांना त्रास होत असेल, माझ्यामुळे काळजी पडली त्यांना, त्याबद्दल माफ करा म्हणून सांगा. ती बाई तुझी माफी मागतेय, शेखर. दोन काठ्यांवर उभी राहून. हे मी तुझ्यापासून लपवलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, म्हणून लिहिलं.

नोकरी ठेव नाहीतर सोड. पुण्यात राहा, सासऱ्यांच्या घरी राहा, मी त्यात पडत नाही. सेंदाईला राहायला ये असंही म्हणत नाही. एक दिवस ये. तिच्यासमोर बस, पाटी दोन्ही हातांनी दे, आणि बेलचं तुझ्या तोंडानं सांग, तुझ्या त्या मोडक्या जपानीत. यामिनी सांगणार नाही, मी तिला तसं बजावलंय. त्यांनी काय करायचं ते त्यांना करू दे. रागावल्या तर रागावू दे, कोणी तरी रागवायला हवंय तुझ्यावर, माझं रागावणं तुला सवयीचं झालंय. मी शेजारी बसेन, पण बोलणार नाही. मागं वळून बघू नकोस म्हणाले होते ना, ते शब्द मी मागं घेते. तेवढ्यासाठीच येणार आहे.

अकरावं प्रकरण मी पोस्टात टाकणार नाही. ते इथं येऊन घे. प्रकाशकाला सांग की शेवट बदलतोय. त्या सेंदाईच्या वकिलाला राजानं बसवून ठेवलं, ना हो ना नाही, ते तू फार गोड शब्दांत लिहिलंयस. वाट बघणाऱ्याच्या बाजूनं एकदा लिहून बघ.

अपूर्वाला तू सांग. माझ्याकडून कळलं तर तिला जास्त लागेल.

बैठकीची नोटीस एकोणीस तारखेला दारोदार फिरायला निघते. त्यात पाटी कोण देणार आणि कोण घेणार ही दोन नावं छापतात. घेणाऱ्याचं नाव लिहून झालंय. देणाऱ्याची जागा एंदो-साननी माझ्या शब्दावर मोकळी ठेवलीय. पत्र पोचायला नऊ दिवस लागतात, म्हणून पत्र नको. फोन कर, स्वतः कर, अपूर्वाच्या हातात देऊ नकोस, आणि तब्येतीची चौकशी करत बसू नकोस. शनिवारी, १८ जूनला, संध्याकाळी सहापर्यंत मला हो किंवा नाही सांग.

तुझी,
गीताताई